पायावरची चादर

बेळ्ळंदूर, बंगळूर
९ जून २०२४

ती. चंपाअक्कास,
रघूचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या कानांनी संप पुकारला, फोन बंद झाला आणि आपली पत्रं सुरू झाली, हे एका अर्थी बरंच झालं. गवीपुरमला तुझ्याकडे यायचं म्हटलं तर रिंग रोडवर गाडीत बसून माणसाला वैराग्य येतं. पोस्टमन नक्कीच माझ्याआधी पोचतो.

तू विचारलंस की ऑपरेशनं सोडल्यापासून मी दिवसभर करतो काय. आयुष्यभर रक्तवाहिन्या शिवल्या, आता दुसऱ्यांनी केलेलं काम तपासतो. कोणाचा पाय जातो, कोणाचा जीव जातो, घरचे लोक ग्राहक आयोगात जातात. मग दोन्हीपैकी एका बाजूचा वकील माझ्याकडे फाइल घेऊन येतो. मी कागद वाचतो, मत लिहितो, आणि आयोगापुढे शपथेवर सांगतो की डॉक्टरची चूक होती की नव्हती. याला तज्ज्ञ साक्षीदार म्हणतात. तू याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणशील, ते मला ठाऊक आहे.

सध्याच्या फाइलीबद्दल तुला सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाव लिहीत नाही. साठीतला माणूस, शिलाई मशिनी दुरुस्त करणारा. छातीत दुखलं म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात गेला. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून त्याचं हृदय तपासलं. हृदय ठीक निघालं, पण नळी काढल्यावर तिथे रक्ताची गुठळी झाली आणि उजव्या पायाचा पुरवठा बंद पडला. असं झालं की साधारण सहा तासांत गुठळी काढावी लागते, नाहीतर पाय मरतो. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाय मांडीपासून कापावा लागला, आणि पुढे महिन्याभरात माणूसही गेला.

मी हॉस्पिटलच्या बाजूने साक्षीदार आहे. त्या सहा तासांत तिथली तरुण डॉक्टर त्याच्याकडे गेली होती, चौकशी केली होती, आणि इंग्रजीत नोंद केली होती की उजव्या पायात ताकद येतेय असं पेशंट सांगतो. पेशंटच पाय सुधारतोय म्हणाला, तर डॉक्टरने संशय कशाला घ्यावा? तिची चूक नाही असं मत मी लिहिलं आणि सही केली.

पण अक्का, मरणाऱ्या पायात ताकद येत नाही. असं बोलणारा पेशंट मला उभ्या जन्मात भेटलेला नाही. मी मनाची समजूत घातली की विझताना दिवा मोठा होतो, तसं काही झालं असेल. सही केली त्याच दिवशी दुपारी मी जेवून जरा आडवा झालो. मृणालच्या वेळची सोलापुरी चादर अंगावर होती. जाग आली तेव्हा उजवा पाय घोट्यापर्यंत उघडा आणि गार. तेव्हापासून रोज हे होतंय. काल चादर गादीखाली खोचून झोपलो. उठलो तर डावी बाजू खोचलेली, उजवा पाय उघडा.

हसशील तर हस. पण उत्तर लिही.

तुझा
रघू


गवीपुरम
१७ जून २०२४

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद.

हसले. मग चष्मा पुसून पत्र परत वाचलं. चादर मृणालच्या वेळची म्हणतोस, म्हणजे धुऊन धुऊन आखडली असेल. त्यात तू ताडमाड. पाय बाहेर येणारच की रे. या वयात कोणी तुझी चादर ओढायला येतंय असं वाटणं हे तब्येतीचं लक्षण आहे, भुताचं नव्हे. रात्री मठ्ठा पिऊ नकोस.

आणि समजा आलंच कोणी, तर घाबरतोस कशाला? तू जन्मभर लोकांच्या पायांवरची पांघरुणं काढून बघत आलास. आता कोणाला तुझा पाय बघायचा असेल तर बघू दे.

इथे सगळं सरी आहे, बरं चाललंय. शेजारच्या हर्षिताला मुलगा झाला. तिला दुपटी शिवून द्यावीत म्हणून मशीन उघडलं तर ते अडकून बसलंय. दुरुस्तीला पूर्वीसारखा माणूस राहिला नाही, म्हणून हातानेच टाके घालतेय. डोळे चांगले आहेत, कान नसले म्हणून काय झालं.

एक विचारू? त्या माणसाला बायको असेल. पायाजवळ तीच बसली असणार. तुझ्या दोन पानी पत्रात डॉक्टर आहे, हॉस्पिटल आहे, सोलापुरी चादरसुद्धा आहे, पण ती बाई नाही. ती काय म्हणते? की साक्षीदाराने बायकांचं ऐकू नये असा कायदा आहे?

उत्तर सावकाश लिही. मला घाई नाही.

तुझी
चंपाअक्का


बेळ्ळंदूर
२८ जून २०२४

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

बाई आहे. तिचं म्हणणंही फाइलीत आहे, आणि तेच मला टोचतंय.

तिची तक्रार तिच्या वकिलाने इंग्रजीत लिहिलीय. तिच्या नवऱ्याने त्या डॉक्टरला पाय बधिर झाल्याचं स्पष्ट सांगितलं, त्यावर डॉक्टर हसली आणि ‘छान’ म्हणून निघून गेली, असं त्यात आहे. आता तूच सांग, बधिर झालेल्या पायाला छान कोण म्हणेल? एकीकडे त्याच वेळी केलेली नोंद, दुसरीकडे नवरा गेल्यावर महिन्यांनी आठवलेलं बोलणं. असं असलं की नोंद खरी धरायची, हा आमचा रिवाज. मी लिहिलं की पत्नीचे म्हणणे पश्चातबुद्धीचे दिसते. लिहिताना शब्द सोपा वाटला. सभ्य भाषेत मी त्या बाईला खोटारडी म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ.

परवा हॉस्पिटलच्या वकिलांच्या, गुरुप्रसादांच्या, कचेरीत त्या तरुण डॉक्टरची गाठ पडली. संहिता नाव. जुन्नरकडची आहे, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गुरुप्रसादांना मराठी येत नाही, म्हणून सगळं बोलणं इंग्रजीत झालं. शेवटी ते फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘सर, पाय कापल्यानंतर मी त्यांना बघायला गेले होते. तेव्हाही ते तेच म्हणाले. नसलेल्या पायाबद्दल. मला तिथे उभं राहवेना.’’

कापलेला पाय दुखतो, खाजतो, हे आम्हा लोकांना नवं नाही. मेंदूला तो गेल्याचं पटत नाही. पण नसलेल्या पायात ताकद? घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

चादर आखडलेली नाही, मी नवी आणली. दिवाण खिडकीपासून हलवला, पंखा बंद केला. काहीही करा, उजवा पाय उघडाच. लिफ्टमध्ये मी लोकांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघतो. काल सोसायटीतल्या एका बाईंनी विचारलं, ‘‘अंकल, काही पडलंय का?’’

मठ्ठा बंद केलाय. फरक नाही.

रघू


गवीपुरम
४ ऑगस्ट २०२४

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुझं पत्र मिळालं होतं, दोनदा वाचलं. त्या फाइलीबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझा व्यवहार शपथेचा, त्यात बहिणीने नाक खुपसू नये. घरचंच लिहिते.

हल्ली दुपारी एक बाई येऊन बसते माझ्याकडे. जुन्या ओळखीतली. नवरा गेलाय, घरात मन लागत नाही. मला ऐकू येत नाही ते तिच्या सोयीचंच आहे. तिला बोलायचं असतं, कोणी उलट विचारायला नको असतं. मी तिच्या ओठांकडे बघत राहते, अर्धं कळतं. गणपती जवळ आले म्हणून आम्ही दोघी वाती वळत बसतो.

जमिनीवर मांडी घालून बसायची सवय राहिली नाही रे. तासभर बसलं की पायाला जोम धरतो. उठायला जावं तर पाय आपला नाहीच. चिमटा काढला तरी कळत नाही. मग ती चोळून देते, मी कण्हते, स्वल्प वेळाने मुंग्या येतात आणि पाय परत येतो. आपली आईसुद्धा अशीच होती. सोवळ्याचा स्वयंपाक आटोपून उठायची आणि हाक मारायची, ‘‘रघ्या, जोम धरला रे, पाय दाब.’’ तू अभ्यास टाकून पळत यायचास. डॉक्टर तू तिथेच झालास, पुण्याला नव्हे.

हर्षिताच्या मुलाचं बारसं झालं. श्रीवत्स ठेवलं. हाक मारायला एवढं लांब नाव कशाला, पण हल्लीच्या लोकांना कोण सांगणार.

जेवण वेळेवर कर.

चंपाअक्का


बेळ्ळंदूर
११ ऑगस्ट २०२४

अक्का,

नमस्कार लिहायलाही हात थांबत नाही. तुझं पत्र घेऊन मी बाल्कनीत उभा होतो. ‘पायाला जोम धरतो’ वाचलं आणि पुढे गेलो. मग परत आलो. मग आईचा आवाज आला. खरंच आला, स्वयंपाकघरातून येतो तसा. या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आई कधी आली नव्हती.

जोम. आपल्याकडे जोम म्हणजे बधिरपणा, मुंग्या. कानडीतला जोमु, आपल्या लोकांनी तीनशे वर्षं इथे राहून उचलला आणि आपलाच केला. आणि पुण्याकडे जोम म्हणजे जोर, ताकद. मी शिकायला पुण्याला गेलो, वर्षानुवर्षं तिथेच राहिलो, लग्न केलं, आणि तिकडची भाषा इतकी चढवली की अंगची उतरलीच. आठवतं तुला? लग्नानंतर मृणालला पहिल्यांदा इकडे आणलं होतं. तू म्हणालीस, पायाला जोम धरलाय. ती म्हणाली, ‘‘अक्का, पायाला जोम आलाय तर पळा की.’’ सगळे हसले. मीही हसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

दुसऱ्याच दिवशी मी गुरुप्रसादांकडे गेलो. संहिताला बोलावून घ्या म्हटलं. ती आली. मी मराठीत विचारलं, ‘‘तू इंग्रजीत लिहिलंस ते राहू दे. तो माणूस त्याच्या तोंडाने काय म्हणाला, जसंच्या तसं सांग.’’

तिला आठवावं लागलं नाही. म्हणाली, ‘‘पायाला जोम धरलाय, डॉक्टर, असं म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, सर. इथे आल्यापासून वॉर्डात मराठी बोलणारे पहिलेच पेशंट. आमचे आजोबा कांद्याच्या रोपांबद्दल असंच म्हणायचे, यंदा जोम धरलाय. मी छान म्हटलं.’’

म्हणजे दोघीही खरं बोलत होत्या. नवऱ्याने बधिर झाल्याचं सांगितलं, हे खरं. डॉक्टरने ताकद आल्याचं ऐकलं, हेही खरं. एकाच वाक्यात दोन्ही. तो कानडीत बोलला असता तर तिने नर्सला अर्थ विचारला असता. नर्स इथलीच, तिला लगेच कळलं असतं. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलला असता तरी ‘सुन्न’ म्हणाला असता. तो मराठीत बोलला, तिला मराठी येत होतं, म्हणून कोणीच कोणाला काही विचारलं नाही. त्याचा पाय मातृभाषेने नेला.

मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, ‘‘मग पाय कापल्यावर ते मला काय सांगत होते?’’ तिचं तिलाच कळलं, तो नसलेला पायही त्यांना बधिरच लागत होता.

गुरुप्रसाद सज्जन आहेत, पण वकील आहेत. ते म्हणतात, मत दाखल झालंय, त्यात चूक नाही, नोंदीवरून जे दिसतं तेच तुम्ही लिहिलंय. शब्दकोश उघडायला तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही. आणि मी मत फिरवलं तर त्या पोरीचं काय होईल, तेही त्यांनी सांगितलं. तिची पहिलीच नोकरी. माझंही नुकसान होईल. साक्ष बदलणाऱ्या तज्ज्ञाला पुन्हा कोणी विचारत नाही. ते ठीक आहे, मला आता हौस नाही. पण तिचं चुकलं ते काय, तर आपली भाषा ऐकून आनंद झाला. मलाही झाला असता.

दुसरीकडे ती बाई आहे, तिला मी खोटं ठरवलंय.

अक्का, मी काय करू? तू सांगशील ते करीन.

रघू


गवीपुरम
१६ ऑगस्ट २०२४

चि. रघूस,
आशीर्वाद.

मी काही सांगणार नाही. एवढा शिकलेला डॉक्टर, बहिणीला विचारून साक्ष देतो असं उद्या कोणी म्हणालं तर तुझी काय किंमत राहील?

आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे खरं. पण तू दातांचाही डॉक्टर नाहीस आणि ओठांचाही नाहीस. पायाचा आहेस.

सुनावणी होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. कारण विचारू नकोस.

चंपाअक्का


बेळ्ळंदूर
२२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

तुझ्या चार ओळींचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सल्ला मागितला आणि तू दार लावून घेतलंस. आता राग नाही. सल्ला दिला असतास तर मी तुझ्या जिवावर बोललो असतो.

गुरुवारी सुनावणी झाली. मी गुरुप्रसादांना आधीच कळवलं होतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुम्ही आमचे साक्षीदार आहात.’’ मी म्हटलं, मी फक्त त्या पायाचा साक्षीदार आहे. बोलताना आवाज चढला, त्याबद्दल नंतर माफी मागितली.

छोटीशी खोली, पंखे खडखडत होते. ती बाई मागच्या बाकावर निळ्या साडीत बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. उभा राहून शपथ घेतली आणि सांगितलं की माझं आधीचं मत चुकीचं आहे, ते मी मागे घेतो. का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तो शब्द उच्चारला. टाइप करणारी मुलगी थांबली, स्पेलिंग विचारू लागली. तेवढ्यात अध्यक्ष, ते म्हैसूरकडचे, खुर्चीत पुढे झाले. ‘‘जोमु? जोमु हिडियोदु?’’ असं म्हणताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर गेला. ‘‘अदु एल्लारिगू गोत्तल्ला,’’ म्हणाले. हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. टाइप करणाऱ्या मुलीने मान हलवली, दाराशी उभ्या शिपायाने हलवली, गुरुप्रसादांनीसुद्धा हलवली. सगळ्या खोलीत तो शब्द ज्यांना पहिल्या झटक्यात कळला नव्हता अशी दोनच माणसं, संहिता आणि मी. आणि मी तर त्या शब्दात वाढलेला.

मग त्या बाईच्या वकिलाने संहिताला एकच प्रश्न विचारला. तुम्ही त्या पायाला हात लावून बघितला होता का?

ती म्हणाली, ‘‘नाही. पायावर चादर होती.’’

अक्का, मला माझी दुपारची चादर आठवली.

मग मी उरलेलं सांगितलं. पायाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली की रक्त पोचतंय की नाही ते कळतं. ती नाडी मराठी बोलत नाही आणि कानडीही बोलत नाही. नळी घातलेल्या प्रत्येक पेशंटची चादर बाजूला करून ती बघायची असते, पेशंट काहीही म्हणो. हॉस्पिटलने ते त्या पोरीला शिकवायला हवं होतं, तिच्यावर कोणी वरिष्ठ हवा होता, आणि माझ्या पहिल्या मतात हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. मी फाइल वाचली, नोंद वाचली, आणि मीही चादर बाजूला केली नाही. शेवटी म्हणालो की पत्नीचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, आणि पश्चातबुद्धी हा शब्द मी वापरला त्याची मला लाज वाटते. तेव्हा तिच्याकडे बघितलं. ती उभी राहिली होती. कोणीतरी बसा म्हटल्यावर बसली.

निकाल यायचाय, पण हॉस्पिटल आता तडजोडीची भाषा बोलतंय. संहिताने नोकरी सोडली नाही. मला वाटलं होतं सोडेल. काल तिचा निरोप आला की आता ती वॉर्डात शिरली की आधी सगळ्यांच्या पायांवरची पांघरुणं काढते, आणि पेशंट कुरकुर करतात.

माझी चादर आता कोणी ओढत नाही. मीच उजवा पाय उघडा ठेवून झोपतो.

तू पत्र का बंद केलंस ते आता विचारू का?

तुझा
रघू


गवीपुरम
३० सप्टेंबर २०२४

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस ते बरं केलंस. आता सांगायला हरकत नाही.

तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं. आपल्या लोकांत शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, पाय कापल्यावर गेलेला असा कोण होता? एकच. इथल्या शिवाजीनगरचा नरसिंहराव. माझं मशीन त्यानेच आयुष्यभर चालतं ठेवलं. तू नाव लपवलंस आणि धंदा लिहिलास, साक्षीदार म्हणून तू कच्चाच. मी गप्प बसले. बोलले असते तर तुला ती फाइल सोडावी लागली असती, मग दुसरा कोणी तज्ज्ञ आला असता, आणि त्याची आई काही जोम म्हणणारी नसती.

माझ्याकडे येऊन बसते ती त्याची बायको, कावेरी. तू माझा कोण हे तिला ठाऊक नव्हतं. आयोगात तुला बघूनही कळलं नाही. मी अजून सांगितलेलं नाही, सांगीन.

तुझ्यापुढे न आलेली एक गोष्ट आहे. कावेरीने ती कोर्टात सांगितली नाही, वकिलाला नाही, पोटच्या मुलीलाही नाही. मला सांगितली, कारण मला ऐकू येत नाही. पण मला ओठ वाचता येतात. त्या दिवशी नरसिंहराव नर्सबाईंना हाक मारून कानडीत सांगायला निघाला होता. कावेरीनेच त्याला थांबवलं. म्हणाली, ‘‘त्यांना कशाला? डॉक्टरीणबाई मराठी आहेत की. आपल्यातल्या आहेत, त्यांनाच सांगा, नीट बघतील.’’ डॉक्टरीणबाईंनी छान म्हटल्यावर त्याने कावेरीला सांगितलं, बघ, काळजीचं काही नाही. आणि तीही निर्धास्त झाली. हे घेऊन ती बाई जगतेय, रघू. तू तिला खोटं म्हटलंस त्याचं तिला एवढं नव्हतं. तिला वाटायचं, शिक्षा मिळतेय ती बरोबरच मिळतेय.

सुनावणीच्या गुरुवारी ती तिथून थेट माझ्याकडे आली आणि झोपली. संध्याकाळी मी उठवलं, कॉफी दिली. म्हणाली, ‘‘सगळ्यांना कळला शब्द. आमचे हे बोलले ते बरोबरच बोलले होते.’’ आणि रडली.

तुझ्या शपथेला बाध येईल असं मी काही केलं नाही. फाइलीबद्दल एक अक्षर तुला लिहिलं नाही. माझ्या पायाबद्दल लिहिलं. बहिणीने भावाला पायाचं दुखणं कळवलं, यात कोणता कायदा मोडतो? मृणाल मला हसली होती ते मी विसरले नव्हते. म्हटलं, तूही विसरला नसशील.

फक्त एक खोटं आहे, ते सांगून टाकते. माझे पाय ठणठणीत आहेत. दुपारभर मांडी घालून बसले तरी मला काही होत नाही.

ऑगस्टचं ते पत्र लिहिलं त्या दुपारी आम्ही वाती वळत होतो. कावेरी हातातल्या वाती ठेवून सतरंजीवरच्या रिकाम्या जागेवर हात फिरवायला लागली. वरून खाली, सावकाश, पाय चोळतात तसा. मी विचारलं, काय करतेस गं? तिने वर बघितलं नाही, पण ओठ दिसत होते.

‘‘त्यांच्या पायाला जोम धरलाय,’’ म्हणाली.

ते वाक्य मी माझ्या नावावर घातलं आणि तुला लिहिलं.

तुझी
चंपाअक्का